बंपरचा रंग दर पावसाळ्यात निघतोय? खपली उलटी करून बघा

तिसऱ्यांदा निघाला तेव्हा मी चिडलो नाही. खपली उचलली आणि खिशात टाकली.

जांबोटीकडून आलो होतो. पुढच्या बंपरवर लाल चिखल वाळून बसला होता. वॉशिंगवाल्या पोराने प्रेशरचं पाणी मारलं आणि डाव्या कोपऱ्यातला रंग भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा अलगद सुटला. तळहाताएवढा तुकडा. खाली काळं प्लॅस्टिक, पाणी पिऊन चकाकणारं, जणू त्याला कधी कुणी रंगवलंच नव्हतं. पोरगं घाबरून माझ्याकडे बघत राहिलं. त्याला म्हटलं, तुझी चूक नाही रे, मार पाणी. निघायचा तो निघू दे.

मूळ ओरखडा दोन वर्षांपूर्वीचा. चिकोडीच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली समोरून आली. हंगामात या ट्रॉल्या निम्मा रस्ता खाऊन चालतात, बाहेर आलेले ऊस वेगळेच. बाजू द्यायला डावीकडे घेतली आणि बंपर दगडी बांधाला घासला. वीतभर लांबीचे चार-पाच ओरखडे, त्यातले दोन प्लॅस्टिकपर्यंत खोल. एवढ्याशा गोष्टीसाठी पहिल्यांदा गॅरेज, मग दोनदा घरी मी स्वतः, असं तीन वेळा रंगकाम झालं आणि तिन्ही वेळा उतरलं.

बेळगावच्या उद्यमबागेत माझं मशीन शॉपचं काम. शेजारच्या गल्लीत एक पेंटर मामा आहेत, तीस-पस्तीस वर्षं गाड्याच रंगवतात. खिशातली खपली त्यांना दाखवली. रंगाच्या बाजूकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. उलटी केली, नखाने खरवडली आणि म्हणाले, "पाठ बघ की रे. वरती काय बघतोस?"

ही एक गोष्ट कळायला मला तीन रंगकामं लागली. रंग कुठल्या थरातून सुटला हे खपलीच्या पाठीवर लिहिलेलं असतं. घरी जाऊन फोनमधले आधीचे फोटो काढून पाहिले, तर तिन्ही वेळा रोग वेगवेगळा होता आणि मी मात्र दर वेळी रंगाच्या डब्याला शिव्या घालत होतो.

पाठीवर काय दिसतं

खपलीची पाठ गुळगुळीत, प्रायमरच्या (रंगाखालच्या अस्तराच्या) रंगाची आणि बंपरवर स्वच्छ काळं प्लॅस्टिक उघडं: म्हणजे प्लॅस्टिकला कुणीच धरलेलं नव्हतं. माझी तिसरी वेळ हीच.

खपली फक्त रंगाची आणि बंपरवर करडा प्रायमर जागच्या जागी: म्हणजे प्रायमर आणि रंग यांच्यात बिनसलं. माझी दुसरी वेळ. प्रायमर मारला आणि पाऊस लागला. आठ दिवस गाडी तशीच शेडमध्ये उभी. मग एका दिवशी ऊन पडलं, फडक्याने धूळ झटकली आणि थेट रंग मारला. प्रायमर एव्हाना वाळून कडक झाला होता. त्याला ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने पुन्हा खरबरीत करून पुसायला हवं होतं. शिवाय आमच्या भागात फाउंड्र्यांची बारीक काळी धूळ सतत बसते. बोट फिरवलं तर बोट काळं होतं. त्या धुळीच्या थरावर मी रंग चढवला होता.

खपली जाड, पाठीला पांढरी-पिवळट भुकटी, आणि तशीच भुकटी बंपरवरही: म्हणजे खड्डा भरायची लांबी, म्हणजेच पुट्टी, मधून फुटली. ही पहिली वेळ, गॅरेजची. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी परत. पत्र्याच्या दारांना भरतात तीच पुट्टी बंपरवर जाड थापली होती. पत्रा वाकत नाही, बंपर वाकतो. पार्किंगमध्ये कुणाचा गुडघा टेकला तरी तो अर्धा इंच आत जाऊन परत येतो. वरची कडक पुट्टी काय करणार? चिरते. चिरेत पाणी जातं, मग पुढच्या पावसाळ्यात ढलपा.

तुमच्या गाडीला यातला कुठला रोग आहे हे ठरवा, मग पॉलिश पेपर हातात घ्या. पहिल्या प्रकारात नुसतं वरून घासून पुन्हा मारलात तर पैसे फुकट. शेजारचा, अजून चिकटलेला दिसणारा रंगही त्याच पायावर उभा आहे. पॅकिंगची चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. कडेपासून रंग उठत गेला तर जिथपर्यंत उठतोय तिथपर्यंत काढायलाच हवा. माझा असा निम्मा बंपर गेला. वाईट वाटलं, पण ब्लेडच्या पात्याने खरवडताना तो इतका सहज येत होता की राग यायचाही बंद झाला.

हे प्लॅस्टिक आहे कोणतं

बंपरच्या आतल्या बाजूला, चाकाच्या कमानीत टॉर्च मारून पाहिलंत तर अक्षरं उठवलेली सापडतील. बहुतेक गाड्यांवर 'पीपी', नाहीतर 'पीपी', 'ईपीडीएम' आणि पुढे 'टीडी२०' असं काहीतरी. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम म्हणजे त्यात मिसळलेलं रबर, आणि टीडी२० म्हणजे २० टक्के टाल्क, शंखजिऱ्याची पूड. तुकडा पाण्यात टाका, तरंगला तर पीपी, असं कुणीतरी सांगतं. नुसतं पीपी तरंगतं खरं, पण टाल्क घातलेलं बुडूही शकतं. अक्षरं वाचलेली बरी.

साखरेची विणलेली पांढरी पोती, फ्रिजमधले डबे, स्वस्तातल्या बादल्या, सगळं याच घराण्यातलं. यावर काही चिकटत नाही. डब्यावर लावलेलं स्टिकर दोन धुण्यांत कसं निघतं ते घरोघरी माहीत आहे. कारखान्यात म्हणून बंपर रंगवण्याआधी त्याच्यावर आगीची झळ फिरवतात किंवा खास प्रायमर देतात, तेव्हा कुठे रंग धरतो. तुमचा ओरखडा तो थर फाडून खाली गेला असेल तर ती पकड गेली, आणि घरी ती परत आणायची तर पीपीसाठीचा अॅडहिजन प्रमोटर, म्हणजे पकड आणणारा थर लागतो. पारदर्शक पातळ द्रव असतो, स्प्रेच्या डब्यातही मिळतो. 'प्लॅस्टिक प्रायमर' असं डब्यावर लिहिलं असलं तरी तो पीपीला चालतो का हे बारीक अक्षरांत वाचा. सगळे चालत नाहीत. माझा तिसऱ्या वेळचा डबा दुसऱ्या प्लॅस्टिकांसाठी होता, बारीक अक्षरं मी नंतर वाचली.

नखाची परीक्षा सगळ्यांना माहीत असते, तरी लिहितो. ओरखडा ओला केल्यावर दिसेनासा झाला आणि नख अडकत नाही, तर फक्त क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर खरचटलाय. त्याला पॉलिश पुरतं, हा सगळा उद्योग करू नका. ओरखड्यात करडं-पांढरं दिसतं तो प्रायमर, म्हणजे पाया शाबूत. काळं दिसलं तर पुढे वाचा.

धुणं, आणि त्यात झालेली फसगत

घासण्याआधी धुवायचं. उलटं केलं तर मेण, पॉलिश, डांबर सगळं पेपरखाली रगडून ओरखड्यात भरतं आणि मग ते निघत नाही. भांड्यांच्या लिक्विडचं कोमट पाणी, मऊ फडकं, दोनदा. कडेच्या फटीतला चिखल जुन्या टूथब्रशने काढा. खानापूर बाजूची लाल माती इतकी बारीक असते की डोळ्यांना स्वच्छ दिसलेल्या खोबणीतून शेवटच्या पुसण्यालाही फडकं तांबडं होतं.

शेवटचं धुणं बोअरच्या जड पाण्याने करून तसंच वाळू दिलंत तर क्षारांचे पांढरे डाग राहतात. त्यावर रंग चढला की ते क्षार पुढे ओलावा ओढतात आणि बारीक फोड येतात. मी शेवटचे दोन तांबे आरओचं पाणी वापरतो आणि लगेच टिपतो. घरचे हसतात.

मग तेलकटपणा काढायचा. इथे प्रत्येकाची आपली बाटली असते आणि बहुतेक चुकीची असते. रॉकेल-डिझेल नको, ते स्वतःच तेल मागे ठेवतं. साधं थिनर नको, जुन्या रंगाची कड त्याने मऊ होऊन उठते. कोविडमधलं उरलेलं सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. सर्जिकल स्पिरिटच्या काही प्रकारांत एरंडेल घातलेलं असतं, तेही नको. पेंटच्या दुकानात वॅक्स आणि ग्रीस काढायचं क्लीनर मिळतं ते घ्या, नाहीतर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल. दोन फडकी ठेवा: एकाने ओलं पुसायचं, ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपायचं. उडू दिलंत तर घाण जिथल्या तिथेच बसते, फक्त पसरून.

पृष्ठभाग स्वच्छ झाला का हे पाहायला लोक पाणी ओततात. सलग पातळ चादर राहिली तर स्वच्छ, थेंब-थेंब झाले तर तेलकट. रंगलेल्या भागावर ही परीक्षा चांगली. उघड्या पीपीवर मात्र पाणी फुटणारच, ते कितीही स्वच्छ असलं तरी. हे माहीत नव्हतं तेव्हा मी एक अख्खा रविवार एकच कोपरा धूत बसलो होतो.

आता मिरच्यांची गोष्ट. दुसऱ्या वेळी रंग मारताच त्यात माशाच्या डोळ्यासारखे गोल-गोल खड्डे पडले, मध्ये प्रायमर उघडा. डॅशबोर्डच्या पॉलिशमधल्या सिलिकॉनने असं होतं हे वाचलं होतं, पण मी ते वापरलंच नव्हतं. दोन दिवस डोकं खाजवलं. मग आई सहज म्हणाली, "त्या दिवशी सांडगी मिरच्या तळल्या की, किती ठसका लागला सगळ्यांना." स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट फॅन नेमका गाडीच्या शेडवर सोडलाय! तेलाची वाफ सकाळपासून बंपरवर बसत होती. तेव्हापासून रंगाच्या दिवशी आमच्याकडे फोडणी बंद, दही-भात. डोक्याला तेल लावलेल्यांनी वाकून बघायलाही बंदी.

पेपर मारणं

जिथे जुना रंग तुटला तिथे पायरी असते. ती पायरी उतार व्हायला हवी. ३२० नंबरचा पेपर लाकडी किंवा रबरी ठोकळ्याला गुंडाळून हलक्या हाताने, ओरखड्याच्या दिशेने नव्हे तर तिरपा फिरवायचा. नुसत्या बोटांनी घासलंत तर बोटांच्या रेघा खोलगट पडतात आणि उन्हात चमकल्यावर दिसतात. उतार बरोबर आला की झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं दिसतात: रंग, प्रायमर, प्लॅस्टिक. प्रत्येक वर्तुळ बोटभर रुंद हवं. डोळे मिटून तळहात फिरवा. पायरी लागली तर अजून घासा. आमच्या शॉपमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं मोजमाप यंत्राने करतात, पण इथे तळहातच खरा.

उघड्या पीपीवर एक वेगळंच नाटक होतं. पेपर जाड असला किंवा घाईने जोर लावला की प्लॅस्टिक कापलं न जाता ओढलं जातं आणि त्यावर लव उठते, कोवळ्या भेंडीवर असते तशी. बोटाला मखमली लागते. ही लव प्रायमरमध्ये उभी राहते आणि वाळल्यावर काट्यांसारखी टोचते. ती आणखी घासून जात नाही, वाढते. नवीन ब्लेड आडवं, जवळजवळ सपाट धरून दाढी करावी तशी कापायची, मग ४०० ने दोन-चार हलके हात. लायटरची झळ दाखवणारेही आहेत. मी एकदा पाहिलं: लव गेली आणि बंपरला कायमची पोक आली.

बाकी चांगल्या रंगाच्या भागाची फक्त चमक घालवायची, म्हणजे ८०० चा पाण्यातला पेपर किंवा करडी स्कॉच ब्राइट. स्वयंपाकघरातली हिरवी घासणी नको, तिच्या रेघा मेटॅलिक रंगाखालून डोकावतात.

लांबी भरायची तर

ओरखडा घासून सपाट होत असेल तर भरूच नका. भरायचीच असेल तर प्लॅस्टिक बंपरची लवचिक पुट्टी, मिलिमीटर-दीड मिलिमीटरपेक्षा जाड नाही. ट्यूबमधली एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांपुरती ठीक, खड्ड्यात भरली तर महिन्याभराने आकसून खड्डा परत दाखवते. हार्डनरचं प्रमाण डब्यावरचंच पाळा. साधारण लिंबाएवढ्या गोळ्याला काबुली चण्याएवढं. जास्त घातलं की लवकर वाळेल म्हणून लोक घालतात, आणि ती भुसभुशीत होते. काही पुट्ट्यांना आधी खाली प्रमोटर लागतो, काहींना नाही. तेही डब्यावर असतं.

पुट्टी पाण्याने घासायची नाही, कोरडीच. ती स्पंजासारखी पाणी पिते, वरून प्रायमर पडला की पाणी आत अडकतं आणि उन्हात फोड होऊन वर येतं.

प्रमोटर आणि प्रायमर

पुन्हा एकदा क्लीनरने पुसा, चिकट कापडाने धूळ उचला. मग उघड्या प्लॅस्टिकवर आणि कडेला बोटभर बाहेर, प्रमोटरचा पातळ हात. ओला वाहता कामा नये. किती मिनिटांत प्रायमर मारायचा ते डब्यावर छापलेलं असतं आणि ते उगाच छापलेलं नसतं. मध्ये चहाला गेलात आणि वेळ टळली, तर परत मारा. त्यावर पेपर फिरवू नका, बोटही लावू नका.

प्रायमरचे दोन-तीन पातळ हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. एकदाच भरपूर ओला मारला तर त्यातलं थिनर जुन्या रंगाच्या कडेत शिरतं, कड फुगते आणि आठ दिवसांनी क्लिअरखालून जुन्या ओरखड्याचा नकाशा वर येतो. नवीन रंगावर जुन्या जखमेची वेलांटी दिसली तर ती हीच.

प्रायमर वाळल्यावर लांबून काळ्या स्प्रेचा नुसता शिडकावा मारा, मिरपूड भुरभुरल्यासारखा, आणि ६०० ने घासा. काळे ठिपके जिथे उरतील तिथे खड्डा आहे. मग ८०० आणि पुन्हा पुसणं. त्यानंतर रंग त्याच दिवशी मारणार असाल तर छान, नाही तर मारण्याच्या दिवशी पुन्हा ८०० चे दोन हात आणि पुसणं. माझी दुसरी वेळ आठवा.

दिवस कोणता

बेळगावात जून ते सप्टेंबर हे काम काढू नका, खानापूरकडे तर विचारही नको. हवेत दमटपणा असला की उडणाऱ्या थिनरने पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि रंग दुधाळ होतो. सत्तरभर किलोमीटरवर चिकोडी-निपाणीकडे ऊन असलं तरी आपल्या शेडमध्ये झिमझिम असते हे इथल्यांना सांगायला नको. भिंतीवरचा स्वस्त दमटपणा-मापक ८० च्या वर दाखवत असेल तर मी डबा उघडत नाही. दिवाळीनंतर सकाळी दहा ते तीन ही माझी वेळ. डिसेंबरात पहाटेचं दव पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. एप्रिल-मेमध्ये गाडी उन्हातून आणून लगेच मारू नका, बंपर हाताला गार लागेपर्यंत सावलीत ठेवा. आणि वळवाची चाहूल असेल तर सोडूनच द्या. पाऊस नंतर येतो, आधी सगळ्या गल्लीची धूळ येते.

तोंडाला रुमाल बांधून चालत नाही. रुमाल धूळ अडवतो, वाफ नाही. कार्बनचं फिल्टर असलेला मास्क घ्या आणि शेड उघडी ठेवा. हार्डनर मिसळायचं टू-के क्लिअर घरी मारू नका. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडतो, तो रंगासारखा उतरत नाही. तुळशीपुढचा दिवा, उदबत्ती, गिझरची ज्योत, सगळं आधी विझवा. बंपरमागे रडार असलेली गाडी असेल तर त्या जागी पुट्टीचा किंवा जादा रंगाचा थर देऊ नका, ते काम वर्कशॉपचं. पार्किंग सेन्सर झाका.

आधी लपलेल्या जागी

चौथ्या वेळी मी आधी नंबर प्लेट काढली. तिच्यामागचा भाग कुणाला दिसत नाही. तिथला रंग खरवडून प्लॅस्टिक उघडं केलं, डाव्या अर्ध्यावर प्रमोटर आणि प्रायमर, उजव्यावर नुसता प्रायमर. दोन दिवस वाळू दिलं. मग नव्या ब्लेडने उभ्या-आडव्या सहा-सहा रेघा, दोन-दोन मिलिमीटरवर, म्हणजे पंचवीस चौकोन प्रत्येक बाजूला. चिकटपट्टी नखाने घट्ट दाबली आणि ओढली. उजवीकडचे जवळजवळ सगळे चौकोन पट्टीवर आले, डावीकडचा एकही हलला नाही. ती पट्टी मामांना नेऊन दाखवली. "शाळंत शिकवतात व्हय हे?" म्हणाले, आणि पट्टी भिंतीवर लावून टाकली.

त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, चोर्ल्याचा घाट चार वेळा झाला, तेच पोरगं तेच प्रेशर मारतं. कोपरा शाबूत आहे. फक्त फॉगलॅम्पच्या खोबणीत, आतल्या वळणावर, करंगळीच्या नखाएवढी खपली उठली. उलटी केली: पाठ गुळगुळीत, करडी. प्रमोटर पारदर्शक असतो, मारताना त्या वळणापर्यंत पोहोचलाच नव्हता आणि मला दिसलं नव्हतं. आता टॉर्च तिरपी धरून मारतो, ओला भाग चमकतो. ती खपली टूलबॉक्समध्ये पहिलीच्या शेजारी आहे.